कावळा, ओटीपी आणि आई

दहाव्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता, ओंकारेश्वराच्या घाटावर माझं लग्न ठरलं. मुलगा कोण, करतो काय, पॅकेज किती, यातलं काहीच ठरलं नव्हतं. कारण लग्न जमवत होता तो एक कावळा. आणि तोही जमवायला तयार नव्हता.

झालं असं, की बाबांच्या पिंडाला कावळा शिवेना. कावळ्यांचा तुटवडा होता अशातला भाग नाही. समोरच्या झाडावर चांगले सात-आठ जण बसले होते. शेजारच्या कुटुंबाचा पिंड ठेवल्या ठेवल्या दोघं खाली उतरले, भात खाल्ला, चोच पुसली आणि परत वर जाऊन बसले. आमच्या पानाकडे मात्र ते अशा नजरेने बघत होते, जशी आपण तिसऱ्या दिवशीच्या उपम्याकडे बघतो.

वीस मिनिटं झाली. काकांनी घसा खाकरला. ‘इच्छा राहिली असणार दादाची काहीतरी.’ आणि तिथे जमलेल्या चौदा माना एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. वय वर्षं अठ्ठावीस, मास कम्युनिकेशनची डिग्री, फ्रीलान्स पत्रकार, अविवाहित. राहिलेली इच्छा म्हणून माझ्यासारखी परफेक्ट केस शोधूनही सापडली नसती.

‘हात जोड आणि सांग, वर्षाच्या आत लग्न करते.’

तुम्ही काय केलं असतं? मी हात जोडले आणि सांगितलं. अंधश्रद्धेवर दोन लेख छापून आलेत माझे, तरी सांगितलं. कावळा ढिम्म. मग दादा पुढे झाला. तो सहा वर्षांपासून कॅलिफोर्नियात. ‘बाबा, मी परत येईन इंडियात,’ आणि मग जरा हळू आवाजात, ‘दोन-तीन वर्षांत. बघू.’ ते ‘बघू’ बहुधा कावळ्याला आवडलं नाही. मग काका म्हणाले, ‘वहिनींची काळजी करू नकोस, आम्ही आहोत ना.’ त्यावर, खोटं नाही सांगत, एक कावळा उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. त्यांच्याकडे प्लॅन बी तयार असतोच. तेवढ्यात आई पुढे आली. खरं तर ‘बायकांनी कशाला यायचं घाटावर’ म्हणून तिला घरीच ठेवणार होते, पण ती कुणाला न विचारता रिक्षात येऊन बसली होती. तिने हात जोडले, काहीतरी पुटपुटली. कुणालाच ऐकू आलं नाही. आणि कावळा आला. थेट.

रिक्षात मी विचारलं, ‘काय म्हणालीस गं?’

‘म्हटलं, तुमच्या कपाटाला कुणाला हात लावू देणार नाही.’

पाच चाळीसचा अलार्म

बाबा गेले ते गेल्या वर्षी जूनमध्ये, झोपेतच. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, वय त्रेसष्ट. रोज पाच चाळीसला त्यांच्या मोबाइलचा अलार्म वाजायचा. त्या दिवशीही वाजला आणि वाजत राहिला. आई स्वयंपाकघरातून दोनदा ओरडली, ‘अहो, बंद करा ना ते!’ तिसऱ्यांदा ती चिडून आत गेली.

ती मला हे सांगते तेव्हा नेहमी एकाच ठिकाणी अडते. ‘मी चिडले होते गं,’ म्हणते. बाकी सगळं ती सांगू शकते. डॉक्टर कधी आले, वैकुंठात किती वाजता नेलं, कोण कोण आलं, कोण आलं नाही. फक्त शेवटचं वाक्य चिडून बोललं गेलं, हे तिच्या घशाखाली उतरत नाही.

मी मुंबईत होते. मिळाली ती बस पकडून निघाले. दादा दुसऱ्या दिवशी रात्री पोचला, डोळे सुजलेले आणि हातात ड्यूटी फ्री चॉकलेटची पिशवी. ‘विमानतळावर काय घेऊ कळेना,’ म्हणाला. ती चॉकलेटं पुढे तेरा दिवस भेटायला येणाऱ्यांच्या मुलांना वाटली गेली. दुःखातही कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही.

तेरा दिवस, अठरा माणसं, एक बाथरूम

एका मैत्रिणीने मेसेज केला होता, ‘सीमा पाहवाचा “रामप्रसाद की तेरहवी” बघ, हलकं वाटेल.’ २०२१ मध्ये आलेला सिनेमा. घरभर नातेवाईक आणि त्यांच्या गर्दीत एकटी पडलेली सुप्रिया पाठक. मी तिला उत्तर पाठवलं, ‘आमच्याकडे लाइव्ह चालू आहे.’

कोथरूडमधला टू बीएचके. त्यात अठरा माणसं. चहाचं पातेलं गॅसवरून उतरत नव्हतं. हॉलमध्ये बाबांचा फोटो, समोर समई, आणि समईच्या बाजूच्या प्लगला ओळीने चार्जिंगला लावलेले पाच मोबाइल. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी ‘कसं झालं?’ विचारायचा. मग आई सांगायची. मग तो त्याच्या माहितीतल्या कुणाचं तरी कसं झालं ते सांगायचा. चौथ्या दिवसापर्यंत आईला पुण्यातल्या किमान वीस हार्ट अटॅकची सविस्तर माहिती झाली होती.

खरा ड्रामा झाला तो टिकलीवरून.

आमच्या बाथरूमच्या आरशावर आईच्या टिकल्या चिकटवलेल्या असायच्या. प्रत्येक मराठी घरात असतात, त्यात नवीन काही नाही. तिसऱ्या दिवशी आत्याने त्या सगळ्या नखाने खरवडून काढल्या. प्रेमाने हं. वहिनीला त्रास नको म्हणून. सकाळी आई आंघोळ करून बाहेर आली तर कपाळावर टिकली! सवयीने कपाटातलं नवं पाकीट उघडलं होतं तिने. खोलीत अशी शांतता पसरली, जशी परीक्षेच्या हॉलमध्ये कुणाचा तरी मोबाइल वाजल्यावर पसरते.

‘वहिनी, अहो...’ आत्याने स्वतःच्या कपाळाला हात लावून खूण केली.

मी तलवार उपसायच्या तयारीत. माझ्याकडे मुद्दे होते! मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आणि आम्ही राहतो कुठे? कर्वे पुतळ्यापासून चालत सात मिनिटांवर. ज्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी लग्न केलं, त्यासाठी मुरूडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार सोसला, त्यांच्या पुतळ्याच्या सावलीत हा सीन! माझं भाषण तयार होतं.

ते भाषण कुणी ऐकलंच नाही. आईने शांतपणे सांगितलं, ‘टिकली मी सहावीत असल्यापासून लावतेय. तेव्हा हे कुठे होते?’ आणि मग तिने गळ्यातलं मंगळसूत्र काढलं आणि फोटोसमोरच्या तबकात ठेवलं. ‘हे यांचं होतं. हे ठेवते.’

गंमत अशी, की या वाटणीने दोन्ही पार्ट्या नाराज झाल्या. टिकली ठेवली म्हणून आत्या, आणि मंगळसूत्र काढलं म्हणून मी. मला वाटलं होतं, ती दोन्ही ठेवेल आणि मी त्यावर लेख लिहीन.

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. बाबांना डायबिटीस, त्यामुळे अकरा वर्षं आमच्या घरात साखरेचा डबा लपवून ठेवलेला असायचा. त्यांना मोह नको म्हणून आईनेही गोड सोडलं होतं. त्या दिवशी तिने तीन जिलब्या खाल्ल्या. हळूहळू, एकेक करून, पाक बोटांना लागू देत. काकूने मोजल्या. मला माहिती आहे, कारण संध्याकाळी तिने ते मला सांगितलं. ‘तीन खाल्ल्या हो.’ आवाज असा, जसं काही आईने बँक लुटली.

पासवर्ड काय असेल?

पंधराव्या दिवशी दादा गेला, नातेवाईक पांगले आणि उरलो आम्ही दोघी आणि बाबांचा मोबाइल. तो लॉक होता.

तुम्हाला वाटतं, माणूस गेला की त्याच्या वस्तू राहतात. चूक. माणूस गेला की त्याचे ओटीपी राहतात. लाइट बिल, गॅस, बँक, पेन्शन, सगळ्याला बाबांचाच नंबर. फोन चालू, सिम चालू, मेसेज आला की वरती अर्धी ओळ दिसायची, आणि नेमके ते चार-सहा आकडे लपलेले. एकदा तर त्यांच्या बँकेकडून ऑफर आली, ‘तुमच्यासाठी प्री-अप्रूव्ह्ड पर्सनल लोन!’ आई म्हणाली, ‘जिवंत असताना तीन हेलपाटे मारले तेव्हा दिलं नाही.’

चार आकडी पिन. आम्ही डायनिंग टेबलवर बसलो. आईचा वाढदिवस? नाही. दादाचा? नाही. माझा? नाही. आई जरा सावरून बसली आणि म्हणाली, ‘लग्नाची तारीख टाक.’ टाकली. फोन थरथरला. चूक. आता काही वेळ थांबा, असं स्क्रीनवर आलं. आई काहीच बोलली नाही. उठून कणीक मळायला गेली.

रात्री साडेदहाला ती माझ्या खोलीच्या दारात आली. ‘स्कूटरचा नंबर टाक.’ कुठल्या स्कूटरचा? ‘आपली जुनी बजाज. २००४ मध्ये विकली ती.’ तिने चार आकडे सांगितले. फोन उघडला.

आम्ही दोघी इतक्या हसलो, की खालच्या मजल्यावरच्या काकू घाबरून वर आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी आम्हाला बघितलं, महिन्याभरापूर्वी नवरा गेलेली बाई आणि तिची मुलगी पोट धरून हसताहेत. त्यांनी आत येऊन आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला हळूच सांगितलं, ‘रडू दे तिला, अडवू नकोस.’

आता मला वाटतं, काकूंचं फारसं चुकलं नव्हतं.

पाच चाळीसचा अलार्म मी बंद करणार होते. आईने करू दिला नाही. तो वाजतो, ती आत येते, बोटाने बंद करते आणि म्हणते, ‘उठले हो.’ मग चहा टाकते. रोज.

कपाट

जुलैच्या शेवटी आईने बाबांचं कपाट उघडलं. मी म्हटलं, ‘आणि कावळ्याला दिलेला शब्द?’

‘कुणाला हात लावू देणार नाही म्हटलं होतं. मी लावणार नाही असं कुठे म्हटलं?’

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, आणि त्यांचं कपाट म्हणजे त्या खात्याची शाखाच. लेबल लावलेल्या फायली. लग्नातल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड. माझी पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं. पेन्शनची फाइल तर इतकी चोख, की फॅमिली पेन्शनचं काम सरळ झालं. त्याचा नियम मात्र मला झोप उडवणारा वाटला. पहिली काही वर्षं वाढीव दराने, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, पण बाबांना मिळत होती तिच्यापेक्षा जास्त नाही. हे किती दिवस? सात वर्षं, किंवा बाबा सदुसष्ट वर्षांचे झाले असते तो दिवस, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. मग तीस टक्के.

‘म्हणजे,’ आई म्हणाली, ‘सरकार अजून यांचे वाढदिवस मोजणार.’ आणि तिने बोटांवर हिशेब केला. ‘चार.’

मग सापडली ती पॉलिसी. विम्याची, आयुष्यभराची, बाबांनी चोविसाव्या वर्षी, लग्नाआधी घेतलेली. नॉमिनी : आजी. म्हणजे बाबांची आई. आजी जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली.

मी पुढचे टेक्निकल प्रॉब्लेम मोजायला लागले. नॉमिनी हयात नाही म्हणजे पैसे वारसांना, म्हणजे सगळ्यांच्या सह्या, इन्डेम्निटी बॉन्ड. रक्कम मोठी असती तर दिवाणी कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, त्याची जाहीर नोटीस, तारखा. मी बोलत होते आणि आई त्या कागदाकडे बघत बसली होती.

‘बत्तीस वर्षं,’ ती म्हणाली. ‘एक फॉर्म भरायचा होता.’

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा बाबांवर भांडली. म्हणजे फोटोशी. दार लावून घेतलं होतं, पण आमच्या भिंती बिल्डरने बांधलेल्या, सगळं ऐकू येतं. प्रेशर कुकरच्या शिट्टीपासून ते माझ्या बाळंतपणात तुम्ही टूरवर होतात इथपर्यंत सगळं निघालं. मी बाहेर सोफ्यावर बसून टीव्हीचा आवाज वाढवला. गेलेल्या माणसाशी भांडताना एक मोठा तोटा असतो, तो उलट बोलत नाही. बाबा तसे जिवंतपणीही बोलायचे नाहीत, त्यामुळे आईला फार फरक जाणवला नसावा.

तासाभराने ती बाहेर आली. चेहरा धुतलेला, टिकली सरळ केलेली. ‘बरं वाटलं,’ म्हणाली.

मी, मॅनेजर

आता माझ्याबद्दल. कारण या गोष्टीत सगळे नातेवाईक विनोदी आणि मी तेवढी शहाणी, असं चित्र उभं राहतंय, आणि ते खरं नाही.

फ्रीलान्सर म्हणजे काय, हे आमच्या घराण्यात कुणाला नीट कळलेलं नाही. त्यांच्या मते त्याचा अर्थ ‘घरीच असते ना!’ त्यामुळे आईजवळ कोण राहणार, हा प्रश्नच उद्भवला नाही. मी मुंबईतली रूम सोडली, सामान टेम्पोत घातलं आणि परत आले. मला ते करायचंही होतं. मी एक एक्सेल शीट केली. ‘आई’ नावाची. त्यात कॉलम होते : औषधं, बँक, वॉक, मूड. होय, मूड. एक ते पाच.

तिला मी सकाळी फिरायला पाठवायची. दुपारी झोपू द्यायची नाही, रात्री झोप लागत नाही म्हणून. तिने एकटीने बसू नये म्हणून मैत्रिणींना फोन करून बोलवायची. ती बाहेर पडली की पंधरा मिनिटांनी फोन : पोचलीस का? आहेस कुठे? कधी येतेस?

सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी ती सव्वाआठला घरी आली. मी दारातच. ‘कुठे होतीस? फोन का उचलला नाहीस?’

तिने चपला काढल्या. भाजीची पिशवी खाली ठेवली. पाणी प्यायली. मग म्हणाली, ‘बागेत बसले होते. एकटी. तुझे बाबा गेले तेव्हा मला खूप वाईट वाटलं. अजून वाटतं. पण दहाव्या दिवशी घाटावरून येताना एक विचार आला, सांगू? आता निदान “कुठे चाललीस?” असं कुणी विचारणार नाही. तर तू आलीस.’

मला काय बोलावं कळेना. मी रडायला लागले. आणि मग आईनेच मला चहा करून दिला, माझ्या शेजारी बसली, पाठीवर हात ठेवला. म्हणजे बघा, नवरा तिचा गेला आणि सांत्वन तिने माझं केलं! त्या शीटमध्ये माझ्या मूडचा कॉलमच नव्हता. तीन महिने मी आईच्या दुःखाची व्यवस्था लावत होते, कारण तोवर मला माझ्याकडे बघावं लागत नव्हतं.

‘तू जा परत मुंबईला,’ ती म्हणाली. ‘मला एकटीला भीती वाटते. ती एकदा वाटून जाऊ दे ना.’

दिवाळीची मीटिंग

दिवाळीत दादा आला. पहिली दिवाळी, म्हणून आमच्याकडे काही तळायचं नव्हतं. मग प्रथेप्रमाणे सगळ्यांनी फराळ आणून दिला. चौदा घरांच्या चौदा डब्यांतल्या चकल्या! दुःख असलेल्या घरात पुण्यातली सर्वात मोठी चकली टेस्टिंग चालली होती. आईने डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मनातल्या मनात नंबरही दिले.

भाऊबीजेला काका आले आणि विषय निघाला. फ्लॅटचं काय?

दादाचा प्लॅन होता, विकून टाकू, आई सहा महिने अमेरिकेत, सहा महिने ‘इकडे कुठेतरी’. काकांचा प्लॅन होता, विकू नका, पण आईने आणि मी दादाच्या नावाने हक्कसोड पत्र करून द्यावं. ‘पुढे कटकट नको. मुलीचं उद्या लग्न होईल.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. कावळ्याला दिलेलं वचन त्यांच्या लक्षात होतं.

मी म्हटलं, सोसायटीत नॉमिनी आई आहे, मग प्रश्न कुठे? पण मी वकिलांना विचारून आले होते, आणि उत्तर मला आवडलेलं नव्हतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, नॉमिनी म्हणजे वारसांसाठी सांभाळणारा. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर, मृत्युपत्र नाही. म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तीन समान वाटे. आई, दादा, मी.

थोडक्यात, आईने बावीस वर्षं बालवाडीत मुलांची नाकं पुसून मिळवलेला पगार ज्या हप्त्यांत गेला, त्या घराचा तिसरा हिस्सा तिचा. बेडरूम म्हणा, किंवा हॉल आणि अर्धा संडास.

सगळे बोलत होते. आई चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढत होती. मग म्हणाली, ‘हक्कसोड पत्र करायचं ना? करू. तुम्ही दोघं माझ्या नावाने करा.’

काकांच्या हातातला लाडू फुटला. शब्दशः.

‘मी मेले की तुम्हालाच आहे,’ आई म्हणाली. ‘पण तोपर्यंत मला माझ्या घरात राहायचंय. कुणाच्या परवानगीने नाही. आणि अमेरिकेत येईन ना मी. पाहुणी म्हणून येईन. परतीचं तिकीट काढून.’

दादा बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, आता भांडण होणार. त्याचं तिकडे घराचं बघणं चालू होतं, पैसे लागणार होते, हे मला माहिती होतं. आईलाही होतं. मग तो म्हणाला, ‘बाबांनी तुझं नाव का नाही टाकलं गं ॲग्रीमेंटमध्ये?’

‘त्या दिवशी शाळेत गॅदरिंग होतं. मला सुट्टी मिळाली नाही. हे म्हणाले, राहू दे, काय फरक पडतो.’

चार दिवसांनी आम्ही दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात होतो. फोटो, अंगठा, सही. कागद तयार करून देणाऱ्या माणसाने तीनदा विचारलं, ‘मुलगा आणि मुलगी सोडताहेत? आईसाठी? उलटं तर नाही ना टाईप झालं?’ आई म्हणाली, ‘नाही, बरोबर टाईप झालंय.’ बाहेर आल्यावर दादाने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तो अजून थोडा रागावलेला आहे असं मला वाटतं. आई म्हणते, राहू दे रागावलेला, फोन तरी जास्त करतो.

त्याच आठवड्यात तिने स्वतः बँकेत जाऊन नॉमिनीचे फॉर्म भरले. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात, हे तिनेच मला सांगितलं. तुम्हीही आज घरी गेल्यावर आई-बाबांना विचारा. रोमँटिक विषय नाही, मान्य. पण बत्तीस वर्षांच्या संसारानंतर पॉलिसीवर आपलं नाव दिसणं, हे मला तरी आता लाल गुलाबापेक्षा बरं वाटतं.

डोळे मिचकावा

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला देण्याचा महिना. आपण जिवंत आहोत, हे सरकारला दरवर्षी कळवायचं. हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. मुंबईला परत जायच्या आदल्या संध्याकाळी मी आईला बाल्कनीत, उजेडात बसवलं आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

ॲपने सांगितलं, डोळे मिचकावा.

आईने डोळे मोठे केले. ‘मिचकाव गं.’ ‘कशाला?’ ‘जिवंत आहेस ते कळायला.’ ती एकदम हसली, आणि हसताना डोळे आपोआप मिटले. ॲप खूश झालं.

मग प्रश्न आले. पुन्हा नोकरी करता का? नाही. पुन्हा लग्न केलं आहे का? हो किंवा नाही.

आईने चष्मा वर केला, स्क्रीन जवळ ओढली आणि नीट वाचलं.

‘अजून नाही, असा ऑप्शन नाही का?’

मी ‘नाही’वर टिक केलं. सबमिट. दोन सेकंद चक्र फिरलं. आणि आत, हॉलमध्ये, फोटोखालच्या प्लगला लावलेला मोबाइल वाजला. फॉर्ममध्ये नंबर अजून बाबांचाच होता. आई हयात असल्याचा मेसेज बाबांच्या फोनवर गेला होता.

तिने आत जाऊन स्कूटरचा नंबर दाबला, मेसेज वाचला आणि फोन परत चार्जिंगला लावला.

‘बरं झालं,’ म्हणाली. ‘त्यांनाही कळलं.’